पाहुण्यांआधी पाट

२०११च्या जनगणनेत मनमाड ८० हजारांच्या घरात होतं. लिश्टेनस्टाइन हा अख्खा देश चाळीस हजारांचा. तरी १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलँडच्या जोडीनं त्यानं दिल्लीत भारताशी व्यापार करार केला. मनमाडला कुणी विचारलं नाही.

पाहुण्यांनी पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलर आणायचं कबूल केलं. ते ठळक टायपात छापून आलं. औषधचाचण्यांची माहिती कुलपात ठेवण्याची त्यांची मागणी भारतानं मानली नाही, त्याबद्दल सरकारची पाठ जरूर थोपटावी. बारीक टायपात राहिला तो फॉर्म २७.

पेटंट घेतलेला शोध देशात खरोखर वापरात आणला का, याचा, २०२४ पर्यंत दरवर्षी द्यावा लागणारा हिशेब म्हणजे हा फॉर्म. रटाळ कागद. पण बायर कंपनीला विचारा! यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं तिचं नेक्साव्हार महिन्याला २ लाख ८० हजारांना पडे. पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई गाठून टाटा हॉस्पिटलच्या रांगेत बसणाऱ्या मनमाडकरानं ते घ्यायचं कुठून? या फॉर्मात भरलेल्या कंपनीच्याच आकड्यांवरून दिसलं, की औषध गरजूंपैकी जेमतेम दोन टक्क्यांना मिळतंय. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको या औषध कंपनीला, बायरच्या संमतीविना ते बनवण्याचा, सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध नऊ हजारांच्या आत आलं.

त्यानंतर एक तप आणि एक दिवस उलटला, आणि दिल्लीत सह्या झाल्या. करार म्हणतो, असा नियमित हिशेब मागायचाच तर किमान तीन वर्षांच्या अंतरानं मागा. करार लागू व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडलं. आपले पेटंट नियम मात्र सह्यांनंतर पाचव्याच दिवशी तसे बदलले. मसुदा तर ऑगस्ट २०२३ पासूनच तयार होता. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न बघितलेल्या मनमाडकरांना सरकारी कामाची ही चपळाई नवलाची वाटेल.

सक्तीच्या परवान्याचं कलम शाबूत आहे, असं अधिकारी सांगतात. खरंच आहे. फक्त नेक्साव्हारनंतर त्याखाली दुसरा परवाना निघालेला नाही. पेटंट मिळाल्यावर पहिली तीन वर्षं तर त्यासाठी अर्जही करता येत नाही. हिशेब नियंत्रक मध्येच मागू शकतो. त्याला तसं वाटलं पाहिजे. नाही वाटलं, तर यकृतानं तीन वर्षं दम धरायचा. एवढं एक कलम तेवढं करारात घालायचं राहिलं.