अ‍ॅरेत हरवलेल्या सोलापूरचा शास्त्रोक्त शोध

साहित्य: पायथन, नमपाय, जिल्ह्यांच्या नावांचा एक अ‍ॅरे आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा वेळ. काम पाच मिनिटांचं आहे असं साहेबांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे माघार घेता येत नाही.

प्रथम भूमी समजून घ्यावी. नमपाय ही आकड्यांसाठी बांधलेली चाळ. सगळ्या खोल्या एकाच मापाच्या. नावं राहायला आली की सर्वांत लांब नाव मोजून माप ठरतं, आणि मग ते हलत नाही. 'पुणे', 'ठाणे', 'बीड' यांचा अ‍ॅरे केला की खोली चार अक्षरचिन्हांची, काना-मात्राही मोजून. आता बीडच्या जागी 'सोलापूर' ठेवावं. स, ओकार, ल, काना. खोली भरली. आत 'सोला' उरतं, 'पूर' बाहेर. एरर नाही, वॉर्निंग नाही, साधी कुरकुरही नाही.

मग दोन बरोबरच्या चिन्हांनी 'सोलापूर' शोधावं. उत्तर येईल: फॉल्स, फॉल्स, फॉल्स. इथे बहुतेक जण स्वतःच्या स्पेलिंगवर संशय घेतात. घेऊ द्यावा, माणूस नम्र होतो.

अ‍ॅरे 'यू२०' मापाने नव्याने बांधला, नावं पुन्हा भरली, की तुकडा शोधण्याकडे वळावं. त्यासाठी नमपायच्या 'कॅर' विभागात 'फाइंड' आहे. समजा, 'नाग' शोधलं. 'नागपूर'समोर शून्य येतं, कारण तुकडा अगदी सुरुवातीलाच सापडला. 'बीड'समोर उणे एक, म्हणजे सापडलाच नाही. आता हे आकडे खरं-खोटं म्हणून वापरावेत. पायथनच्या लेखी शून्य खोटं आणि उणे एक खरं. त्यामुळे नागपूर गाळलं जातं आणि बीड अहवालात सन्मानाने बसतं. (शून्य किंवा अधिक अशी अट घातली तर हे टळतं, पण मग या मार्गदर्शनाची गरज काय?)

शोधशब्द निवडताना कल्पकता दाखवावी. नोंदींमधून महापुराच्या बातम्या काढायच्या म्हणून मी एकदा 'पूर' शोधला. कोल्हापूर ठीक. पण सोलापूर, चंद्रपूर आणि नागपूर भर मे महिन्यात पाण्याखाली गेले. साहेबांनी फक्त चष्मा काढून पुसला.

शेवटची पायरी प्रगत विद्यार्थ्यांसाठी: 'कऱ्हाड' शोधावं. यातला डोळ्यांच्या पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एक 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलंत देऊन. दुसरा साध्या 'र'ला हलंत आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं, संगणकाला मात्र परकी. युनिकोडचं नॉर्मलायझेशन करूनही दोघं एक होत नाहीत. तेव्हा हातानेच एकाचं दुसरं करावं, पुन्हा शोध चालवावा आणि तरीही तीन नोंदी कमी भरल्या की फाइल उघडून बघावी. तिथे कुणीतरी सरळ 'कराड' लिहिलेलं असतं.