रावसाहेबांचा दाब

महसूल खात्याच्या चाकरीत तलाठी म्हणून शिरून, अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर केसांचा वर्ण पालटेपर्यंत बसून, आणि सेवानिवृत्तीस थोडा अवधी उरला असता नायब तहसीलदार होऊन, ज्याने उर्वरित आयुष्यापुरते 'रावसाहेब' हे संबोधन पदरात पाडून घेतले आहे, असा एक सद्गृहस्थ धाराशिवच्या प्रत्येक नव्या वसाहतीत वास्तव्य करून असतोच. त्याच्या दारात आच्छादनाखाली एक पांढरी मोटार उभी असते, हे काही त्याचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे. मोटारी आता सर्वांच्याच दारात आहेत. त्याचे खरे लक्षण जिन्याखाली, मोटारीहूनही जाड आच्छादनात, लाकडी पाटावर विराजमान असते; आणि ते म्हणजे मोटार धुण्याचे यंत्र, प्रेशर वॉशर.

ज्या शहराचा नळ उजनी धरणाच्या भरवशावर चालतो आणि तरीही रोज येत नाही, ज्याच्या लगतच्या लातुरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या शहरात असे यंत्र बाळगणे हा अविवेक होय, असे परक्यास वाटेल. परंतु ज्याने या मुलखाचा इतिहास डोळसपणे पाहिला आहे, त्याला तसे वाटणार नाही. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्याच पोटात पाणीमहाल उभारणाऱ्या आदिलशाहीने नळदुर्गात हेच दाखवून ठेवले आहे, की जेथे पाणी दुर्मिळ, तेथे पाण्यावर हुकमत हेच ऐश्वर्य. आणि रावसाहेबांची तर अवघी हयात पाण्याच्या कागदांत गेलेली! पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की बाहेर राहिली, कोणत्या गावास टँकरच्या किती खेपा मंजूर, कोणाची विहीर अधिग्रहित करावी, यांच्या नस्त्या त्यांच्या हाताखालून गेल्या. पण त्यांनी सही केली आज, टँकर निघाला परवा, आणि तो गावात पोहोचला केव्हा, हे सांगणारा कोणी त्यांना उभ्या चाकरीत भेटला नाही. यंत्राची बंदूक हाती धरून खटका दाबताक्षणीच पाणी निघते आणि त्याच क्षणी मुक्कामाला पोहोचते, हा अनुभव अशा मनुष्यास किती मोक्षदायक वाटत असेल, याची कल्पना ज्याने कधी सरकारी चाकरी केली नाही त्याला येणे कठीण.

यंत्राची निवड रावसाहेबांनी अर्थातच रीतसर केली. सोलापूरच्या बाजारातून दोन आणि पुण्याच्या भाच्यामार्फत एक, अशी तीन दरपत्रके मागवून त्यांनी फुलस्केप कागदावर तुलनात्मक तक्ता आखला आणि शेवटच्या रकान्यात 'अभिप्राय' असे लिहिले. भाच्याने कळविले होते, "मामा, ज्याच्यावर बारचा आकडा सगळ्यात मोठा तेच घ्या." परंतु ज्याने आयुष्यभर अंदाजपत्रकी रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतर पाहिले आहे, तो अशा आकड्याला भुलत नाही. खोक्यावर ठळक छापलेला दाब हा कमाल दाब असून काम करतानाचा दाब आत बारीक अक्षरांत दिलेला असतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हुडकून काढले. मोटारीच्या चाकात भरतात ती हवा सव्वादोन बारांच्या आसपास. मोटार धुण्यास १०० ते १२० बार पुष्कळ झाले. त्याहून अधिक दाब हा रंगाचे पापुद्रे काढण्यासाठी, असा त्यांचा निष्कर्ष, आणि तो यथार्थ आहे. कार्बन ब्रशची मोटर हलकी, स्वस्त, पण कर्कश आणि अल्पायुषी. इंडक्शनची जड, महाग, पण सोशिक. सबब दुसरी ग्राह्य. पंपाचे डोके प्लास्टिकचे असल्यास अग्राह्य. बादलीतून स्वतः पाणी ओढून घेण्याची सोय नसल्यास प्रस्ताव मुळातच फेटाळण्यात यावा, कारण धाराशिवच्या नळाच्या भरवशावर बसणारे यंत्र जर्मनीत चालेल, येथे नाही. जर्मनीचा उल्लेख यावयाचे कारण असे, की आल्फ्रेड केर्खर यांनी १९३५ साली काढलेल्या कारखान्याने १९५० साली गरम पाण्याचे युरोपातील पहिले असे यंत्र घडविले आणि १९८४ साली घरच्या माणसास उचलून नेता येईल असे यंत्र बाजारात आणले, ही हकीकत रावसाहेब जमिनीच्या दाव्यात वंशावळ दाखल करावी तशी प्रत्येक अभ्यागतापुढे दाखल करतात.

तक्त्यात एक रकाना 'पाण्याची बचत' असाही होता आणि त्यात त्यांनी लिहिले होते, 'लक्षणीय'. नळीने धुताना मिनिटास पंधरा-वीस लिटर सहज जातात, यंत्र मिनिटास सहा लिटरच घेते, हा त्यांचा युक्तिवाद निर्विवाद होता. फक्त तो ज्यांच्यापुढे मांडावयाचा, त्या काकूंनी घरात कधी नळी वापरलीच नव्हती. "अहो, सहा लिटरनं दहा मिनिटं म्हटलं तर साठ लिटर झाले की; म्हणजे चार बादल्या," काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आणि आपली गाडी तर ओल्या फडक्यानं दोन बादल्यांत निघती." या हरकतीची नोंद घेण्यात आली, निर्णय मात्र पूर्वीच झालेला होता.

यंत्र आले ते खंडेनवमीच्या तोंडावर. पलीकडे तुळजापुरात नवरात्राची गर्दी उसळलेली असताना इकडे जिन्याखाली यंत्रास हळदकुंकू लागले, झेंडूची माळ चढली आणि दसऱ्याच्या सकाळी त्याचे प्रथम प्रक्षालन झाले. तो सोहळा वसाहतीने पाहिला. नवीन यंत्राच्या तारेस बारीक वायर जोडू नये म्हणून रावसाहेबांनी अंगणात स्वतंत्र पॉवर पॉइंट बसवून घेतला होता आणि अर्थिंगची तपासणी वायरमनकडून दोनदा करवून घेतली होती. भरलेल्या पिंपात ओढनळी सोडली होती. तिच्या टोकाला जाळी. जाळीवर, बोअरच्या पाण्यातील रेतीचा भरवसा नको म्हणून, धुतलेल्या धोतराचा तुकडा. नळी आधी पाण्याने भरून घेतली होती, कारण पंप कोरडा फिरला की आतील सील जळतात. पाच तोंड्या पाटावर मांडल्या होत्या: लाल, पिवळी, हिरवी, पांढरी आणि साबणाची काळी. त्यांपैकी लाल, म्हणजे शून्य अंशाची, जिच्या धारेने कातडीही फाटते, ती उचलून रावसाहेबांनी सर्वांना दाखविली आणि मग गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद करून आले.

"रावसाहेब, आज मशीन काढायलाव वाटतं?" पलीकडून मास्तरांनी विचारले.

"काढलंय," रावसाहेब म्हणाले, आणि खटका दाबला.

कळंबच्या शेतावरून आलेल्या त्या मोटारीच्या चाकांवरच्या पोकळीत सोयाबीनच्या रानातली काळी माती वाळून दगड झाली होती. ती ढेकळाढेकळांनी सुटून खाली पडू लागली, तेव्हा जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजविल्या. हिरव्या तोंडीने, दीड फूट अंतर राखून, वरून खाली. दारांच्या रबरावर सरळ मारा नाही, रेडिएटरच्या पापुद्र्यांवर तर मुळीच नाही. मग फेस, तो उन्हात वाळण्याआधी पुन्हा पाणी, आणि बोअरच्या क्षारांचे पांढरे ठिपके उठू नयेत म्हणून तत्काळ मऊ फडके. अंगठ्याखाली पाणी सुटत होते, थांबत होते, पुन्हा सुटत होते. आणि त्या सकाळी त्या मुद्रेवर जे तेज होते, ते साक्षात जिल्हाधिकाऱ्यांच्या मुद्रेवरही ध्वजवंदनाच्या दिवशी आढळत नाही.

परंतु प्राप्तीहून रक्षण अवघड. माहितीपुस्तिकेतील प्रत्येक कलम रावसाहेबांनी तांबड्या शाईने अधोरेखित केले असून त्यांचा अंमल काटेकोर होतो. काम संपल्यावर यंत्र बंद करून खटका पुन्हा दाबून आतील दाब सोडून देणे. नळी मुडपून न ठेवता सैल वेटोळ्यात ठेवणे. तोंडीचे छिद्र टाचणीने मोकळे करणे. आतील जाळी दर खेपेस धुणे. क्षार साचू नयेत म्हणून अधूनमधून लिंबूसत्त्वाचे पाणी फिरविणे. इतके सर्व सुज्ञपणाचेच. तथापि त्याच पुस्तिकेत यंत्रातील पाणी गोठून पंप तडकू नये अशीही ताकीद आहे, आणि जेथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या गावात रावसाहेब मार्गशीर्षापासून यंत्रावर सोलापुरी चादर पांघरतात. कलम आहे, तेव्हा पालन झालेच पाहिजे. एका रजिस्टरात तारीख, वेळ, लिटर आणि शेरा अशी नोंद होते. टँकरच्या खेपांचे रजिस्टरही याच नमुन्याचे असे, एवढाच फरक की यातले आकडे खरे असतात.

वसाहतीतून अर्ज येऊ लागले. मास्तरांना फरशी, डॉक्टरांना गच्ची, कोणाला गणपतीचा मंडप. कोणालाही 'नाही' म्हटले गेले नाही. 'बघू', 'पाऊस पडू द्या', 'सध्या सील तपासायचं चाललंय', अशी तोंडी उत्तरे मिळाली, आणि कचेरीचा परिचय असलेल्यांनी त्यांचा अर्थ ओळखला. पुढे पुढे तर खुद्द मोटारीचाही अर्ज प्रलंबित पडू लागला. हिवाळ्यात चादर काढणे नको. उन्हाळ्यात टंचाई, आणि टंचाईत निवृत्त का होईना पण महसूल अधिकाऱ्याने मोटारीवर पाणी उडविणे लोकापवादास कारण. पावसाळ्यात गाडी आपोआपच धुतली जाते. उरला दसरा. एरवी काकू दोन बादल्या नि ओले फडके घेऊन गाडी पुसतात, आणि त्यांतल्या उरलेल्या पाण्यात फडके पिळून रावसाहेब यंत्र पुसतात.

लोक हसतात, परंतु हिशेब तपासून पाहणाऱ्यास हसण्याचे कारण राहत नाही. रजिस्टराची वर्षअखेरची बेरीज एका प्रक्षालनापलीकडे सहसा जात नाही. तेव्हा तक्त्याच्या त्या रकान्यात रावसाहेबांनी जे 'लक्षणीय' म्हणून लिहिले होते, ते अक्षरशः खरे ठरले असून, धाराशिव जिल्ह्यात पाण्याची एवढी बचत करणारे दुसरे यंत्र अद्याप कोणत्याही खात्यास उपलब्ध झालेले नाही.