वाढ, पण दुसऱ्यांची

1997 साली जपानी टीव्हीवर ‘पोकेमॉन’ सुरू झालं, तेव्हा त्याचा नायक अ‍ॅश 10 वर्षांचा होता. 2022 मध्ये तो पोकेमॉनच्या झुंजींत जगज्जेता झाला, तेव्हाही 10चाच. मिसरूड म्हणून फुटलं नाही पठ्ठ्याला.

वाढायचं काम त्याने आपल्या पोकेमॉन प्राण्यांवर सोपवलं होतं. पोकेमॉनच्या गेममध्ये कॅटरपी ही अळी सातव्या लेव्हलला कोश होते, दहाव्याला फुलपाखरू. नुसता फडफडणारा मॅजिकार्प विसाव्या लेव्हलला एकदम अक्राळविक्राळ ग्याराडोस! ना आजारपण, ना दहावीचे क्लास. अंग उजळलं की झालं मोठं.

मालिकेत चारमँडर वाढून चारमेलियन झाला आणि अ‍ॅशचं ऐकेनासा झाला. घरोघरचे आईबाप इथे मान डोलावतील.

त्याच्या लाडक्या पिकाचूने मात्र मोठं करून रायचू बनवणारा विजेचा दगड धुडकावला. रायचू होणार नाही म्हणजे नाही. बाणेदारपणाच तो. शिवाय बाहुल्यांच्या दुकानात रायचूला विचारतो कोण?