चाकूधारी गृहस्थ

शहरी मराठी मध्यमवर्गात जे निरनिराळे छांदिष्ट आढळतात, त्यांत शिकारीचा चाकू सदैव जवळ बाळगणारा गृहस्थ संख्येने अल्प असला तरी ओळखण्यास सर्वांत सोपा आहे. वय चाळिशीपुढचे, नोकरी बँकेतील किंवा संगणकाच्या पडद्यासमोरील, आहार बहुधा शाकाहारी, रक्त पाहिल्यास घेरी येण्याची शक्यता दाट. असे असूनही ज्याच्या पट्ट्याला उजव्या बाजूस चामड्याचे छोटे म्यान असते आणि ज्याच्या डाव्या हातावर, मनगटाच्या थोडे वर, केस नसलेला एक पट्टा दिसतो, तो हाच. हा पट्टा त्वचारोगाचा नव्हे. धार लावून झाल्यावर ती केस भादरण्याइतकी तीक्ष्ण झाली की नाही, हे पाहण्याची जी सर्वमान्य रीत आहे, तिचे ते क्षेत्र आहे, आणि पावसाळ्यात, म्हणजे बाहेर पडणे कमी आणि धार लावण्यास फुरसत अधिक असते तेव्हा, ते कोपराच्या दिशेने विस्तारत जाते.

या गृहस्थाच्या स्थितीतील मूलभूत अडचण कायदेशीर स्वरूपाची आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेखातर शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. म्हणजे ज्या कामासाठी हा चाकू घडवला जातो ते काम या देशात केल्यास तुरुंगात जावे लागते. गृहस्थाला हे पुरते ठाऊक असते, तो स्वतः व्याघ्रसंवर्धनाचा कट्टर पुरस्कर्ता असतो, आणि घरातील झुरळ मारण्याचे कामही तो पत्नीकडे सोपवतो. तथापि चाकू शिकारीचाच हवा, या मुद्द्यावर तो तडजोड करत नाही. कारण विचारल्यास दोनच शब्दांचे उत्तर मिळते, ‘लागतो कधीकधी’. कधी, ते मात्र सांगितले जात नाही.

वस्तुतः शिकारीचा चाकू शिकार मारण्यासाठी नसतोच, आणि ही गोष्ट प्रत्येक नव्या परिचिताला समजावून सांगणे हे या गृहस्थाचे आवडते कार्य आहे. जनावर बंदुकीने किंवा बाणाने पडते. चाकूचे काम त्यानंतरचे, म्हणजे पोट उघडून आतडी काढणे आणि कातडे सोलणे. म्हणूनच या चाकूचे पाते साधारणतः चार इंचांच्या आसपास, म्हणजे चित्रपटांतील नायकाच्या हातात दिसते त्यापेक्षा पुष्कळच लहान असते. पात्याची पाठ टोकाकडे हलकेच खाली उतरत आणून टोक मधल्या रेषेजवळ ठेवण्याच्या घडणीस ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणतात. तिचा लाभ असा की पोट उघडताना टोक आतड्यांत घुसत नाही, आणि ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट लव्हलेस या अमेरिकी कारागिराने लोकप्रिय केली. पात्यावरील लांबट खाच रक्त वाहून जाण्यासाठी असते हा समज निखालस खोटा असून ती पात्याचे वजन घटवण्यासाठी असते, हेही तो सांगतो. आणि हे सर्व बहुधा जेवणाच्या पंक्तीत, मठ्ठा वाढला जात असताना सांगतो, त्यामुळे आतड्यांचा उल्लेख येताच शेजारचे पान रिकामे होण्याचा संभव असतो.

चाकूंवरील त्याची निष्ठा एकपत्नी नसते. अमेरिकेत १९६० च्या दशकात आलेला ‘बक ११०’ हा घडीचा शिकारी चाकू, पितळी टोकांची लाकडी मूठ आणि उघडल्यावर पाते जागी अडकवणारा मागचा खटका यांमुळे, त्याच्या देव्हाऱ्यातील मुख्य दैवत असतो. त्याचे वजन सुमारे दोनशे ग्रॅम असल्याने पँटचा खिसा एका बाजूने ओघळतो आणि गृहस्थाची चालही त्यानुसार किंचित कलते. दुसरा फ्रान्समधील साव्हुआ प्रांतातील जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये सिद्ध केलेला साधा लाकडी मुठीचा चाकू, ज्याच्या मानेवर १९५५ पासून पाते अडकवणारे फिरते कडे बसवलेले असते. तिसरा स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर याने १८९७ मध्ये नोंदवलेल्या अधिकारी-चाकूचा वंशज, लाल रंगाचा, कात्री, बूच-उघडणी व दातकोरणी यांसह. हा शिकारी नसल्याने गृहस्थ त्याला मनातून हलका लेखतो, परंतु दिवसभरात प्रत्यक्ष उपयोगी पडतो तो हाच आणि त्यातही दातकोरणी, हे सत्य त्याच्या तोंडून वदवून घेणे अशक्य आहे. मोठ्या बोवी चाकूबद्दल तो १८२७ सालच्या मिसिसिपी नदीच्या वाळवंटातील मारामारीपासून आरंभ करतो, आणि मग श्रोत्याची सुटका, ज्याच्या नावाने हा चाकू ओळखला जातो तो जिम बोवी १८३६ मध्ये आलामोच्या वेढ्यात पडल्यावरच होते.

या शस्त्रागाराचे प्रत्यक्ष सावज म्हणजे घरपोच येणारे खोके. दारावरची घंटा वाजताच गृहस्थाच्या हालचालीत जी चपळाई येते ती एरवी दिसत नाही. खोके जमिनीवर उताणे केले जाते, चिकटपट्टीची शीव बोटाने चाचपली जाते, आणि सांबराचे कातडे सोलण्यासाठी ज्याचे पोट गोलसर घडवले आहे असे पाते एका ओघात शेवटपर्यंत नेले जाते. आतून मिक्सरच्या भांड्याचे झाकण निघते. काही चाकूंच्या पाठीवर ‘गट हुक’ नावाची आकडी असते, जिने आतड्यांना धक्का न लावता जनावराच्या पोटाची त्वचा फाडता येते. तिने दुधाची पिशवी फोडली जाते, आणि अर्धे दूध ओट्यावर गेल्यावर आकडीच्या कोनाविषयी विवेचन होते. मुलाच्या वाढदिवशी केकबरोबर आलेली प्लॅस्टिकची सुरी तिरस्काराने बाजूस सारून तो म्यानास हात घालतो, तेव्हा पाहुण्या मुलांच्या आया आपापली मुले जवळ ओढून घेतात. ‘अहो, आत ठेवा तो आधी,’ हे वाक्य अशा घरात इतर कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक वेळा उच्चारले जाते. स्वयंपाकघरातील भाजी मात्र आठवडी बाजारात घेतलेल्या पातळ सुरीने किंवा विळीवर चिरली जाते, कारण शिकारी चाकूचे जाड पाते कांद्याला चिरत नाही, दुभंगवते.

धारेच्या बाबतीत तो शुद्धिवादी आहे. सायकलच्या चाकावर सहाण फिरवत गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे तो पाहतही नाही, आणि येथे शास्त्र त्याच्या बाजूचे आहे हे मान्य करावे लागते. पोलाद तापवून एकदम थंड करण्याने, ज्याला लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात, पात्यास कठीणपणा येतो आणि मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला जातो. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या सहाणेवर धार अतिशय तापली तर हे पाणी उतरते आणि पाते मऊ पडते. म्हणून तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाण्यात भिजवलेले जपानी दगड मांडून, हजाराच्या, तीन हजारांच्या, सहा हजारांच्या कणांच्या क्रमाने, पाते ठरावीक कोनात घासत बसतो, आणि आंघोळीस खोळंबलेले कुटुंब बाहेर उभे असते. इतक्या परिश्रमाने लावलेली धार वापराने बोथट होईल या धास्तीने तो चाकू मग कोणास वापरू देत नाही. शेजाऱ्याने दोरी कापण्यासाठी मागितल्यास ‘दोरी इकडे आणा’ असे उत्तर येते. चाकू हातात दिल्यास दोघांत भांडण होते, म्हणून तो खाली ठेवावा व दुसऱ्याने उचलावा, हा घरोघरचा जुना संकेत त्याला अशा वेळी विशेष प्रिय असतो. फरक इतकाच की तो चाकू खालीही ठेवत नाही.

परंपरेचा त्याला मोठा आधार वाटतो. खंडेनवमीला शस्त्रे पूजण्याची रीत असल्याने त्या दिवशी चाकू पाटावर मांडून झेंडूची फुले वाहिली जातात, मात्र ओल्या हळदकुंकवाने कार्बन पोलादावर गंज धरतो म्हणून कुंकू लागताच तो ते यंत्राच्या तेलाने पुसून काढतो, आणि सासूबाई ते पाहतात. मराठी नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार असते. आयुष्यात एकदा तरी समाजाने आपल्या हाती शस्त्र दिले, याचे त्याला समाधान आहे, परंतु त्या कट्यारीला मुळीच धार नव्हती ही खंत लग्नाचा अल्बम उघडला की हटकून वर येते.

त्याची खरी परीक्षा सह्याद्रीत होते. राजमाची किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर त्याला जो वाटाड्या मिळतो, त्याच्या कमरेस दोरीने बांधलेल्या लाकडी आकडीत कोयता अडकवलेला असतो. हा कोयता गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून ठोकून काढलेला असतो. त्याला म्यान नाही, नाव नाही, पोलादाचा क्रमांक नाही. त्याने वाटाड्या कारवीच्या जाळीतून वाट काढतो, चुलीचे सरपण फोडतो, मुक्कामाला मेखा तासतो आणि परत तो आकडीत सरकवतो, आणि या सर्व काळात आपल्याजवळ कोयता आहे याचे त्याला भानही नसते. गृहस्थ आपला बक चाकू उघडून दाखवतो, खटक्याचा आवाज ऐकवतो, रॉकवेल मापावरील कठीणपणा सांगतो, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने पोलाद दाबून त्याचा खळगा मोजण्याची जी पद्धत आहे तिच्यानुसार आलेला आकडा. वाटाड्या तो चाकू हातात घेऊन वजन बघतो, अंगठ्याने धार चाचपतो आणि विचारतो, ‘कितीला पडला, साहेब?’ गृहस्थ खऱ्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढा आकडा सांगतो. तोही ऐकून वाटाड्या काही बोलत नाही, चाकू परत देतो आणि काकडी स्वतःच्या कोयत्याने कापतो.

कायद्याची पोथी गृहस्थास मुखोद्गत असते. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, आणि घरगुती, शेतकी, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाची हत्यारे त्यांतून वगळलेली आहेत. आपल्या चाकूचे पाते चार इंचांचे असल्याने आपण निर्दोष आहोत, असा युक्तिवाद तो मॉलच्या दारावरील रखवालदारापुढे करतो. रखवालदाराने हे नियम वाचलेले नसतात, आणि वाचले असते तरी त्याला वरून मिळालेल्या सूचना वेगळ्या असतात. विमानतळावर युक्तिवादासही जागा नसते, कारण चाकू जवळच्या सामानात नेता येत नाही आणि तपासणीत निघालेला चाकू बहुधा तेथेच सोडावा लागतो. सुट्टीच्या प्रवासाचा प्रारंभ ट्रेमध्ये पडलेल्या बक ११० कडे मागे वळून पाहत होऊ नये, असे ज्या आप्तांना वाटते, त्यांनी घरातून निघण्यापूर्वी गृहस्थाचा पट्टा, सर्व खिसे, चष्म्याचे घर आणि किल्ल्यांचा जुडगा स्वतः तपासावा, सापडेल ते चेक-इनच्या बॅगेत तळाशी टाकावे, आणि आपण सगळे काढून ठेवले आहे या त्याच्या शब्दावर मुळीच विसंबू नये.