चावी आत, आम्ही बाहेर

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटला एक लाकडी दार, एक जाळीचं दार, दोन लॅच आणि शिवाय एक कुलूप आहे. निघताना कुलूप मी लावतो, ओढून बायको बघते आणि लिफ्ट आल्यावर परत जाऊन पुन्हा मी ओढतो. आतमध्ये चोरण्यासारखं काय आहे, हे चोराला सांगायचीसुद्धा लाज वाटेल. पण सवय ती सवय. अशा माणसानं घरांना कुलूप न लावणाऱ्या शनिशिंगणापूरला जाणं म्हणजे मधुमेह्यानं मिठाईच्या दुकानात भाड्याने खोली घेणं.

नगरला सावेडीतून मामांना घेतलं. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. नगर ही अजूनही राजधानीच आहे, मधल्या चारशे वर्षांत सरकारचं जरा दुर्लक्ष झालं एवढंच, असं त्यांचं मत. 2024 मध्ये अहमदनगरचं नाव अहिल्यानगर झालं, पण मामा फक्त ‘नगर’ म्हणतात. त्यात कुठलंच नाव घेतल्यासारखं होत नाही आणि दोन्हीही घेतल्यासारखी होतात.

घोडेगावला फाट्यावर वळलो आणि लटकू सुरू झाले. लटकू म्हणजे गाडीला अक्षरशः लटकून तुम्हाला ठरावीक दुकानात पोचवणारा मोटरसायकलवाला. “साहेब, पुढं पार्किंग बंद आहे!” पहिल्याला चुकवला, दुसऱ्याला झिडकारला, तिसरा इतक्या आपुलकीनं हसला की पाचव्या मिनिटाला आमच्या हातात पूजेचं ताट होतं. तेल, रुईची माळ, काळे उडीद, काळं कापड आणि घोड्याची नाल. (घोड्याला चार पाय असतात, पण रस्त्यावरच्या दुकानांतल्या नाला बघता घोडे बहुधा गोमेच्या जातीचे असावेत.) दुकानदारानं वर एक नियमही फुकट दिला. दर्शन झालं की शिवार सुटेपर्यंत मागं वळून बघायचं नाही.

“आरशात बघितलं तर चालतं का?” मी विचारलं. गाडी मीच चालवणार होतो.

“आरशात मागचं पुढं दिसतं,” बायकोनं निकाल दिला. “चालेल.”

गावाचा चौक म्हणजे शनीचा चौथरा. वर छप्पर नाही, भिंत नाही, गाभारा नाही. पाच फूट नऊ इंचांची काळी शिळा उघड्यावर उभी, ऊन-पाऊस खात, तेलानं निथळत. पुराच्या पाण्यात शिळा वाहत आली, गुराख्यानं काठी टोचली तर रक्त आलं, आणि मग देवानं स्वप्नात सांगितलं की मला छप्पर नको, अशी कथा. देवालाच छप्पर नको म्हटल्यावर भक्तांनी दारं कशी लावायची? बायकांना मात्र या बिनदाराच्या देवाच्या चौथऱ्यावर चढायला 2016 चा गुढीपाडवा उजाडावा लागला. दार नसलं तरी माणसाला अडवता येतं, एवढंच त्यावरून कळलं.

मी गल्लीत शिरलो. एका घराची चौकट आकाशी रंगाची होती. मी अगदी नाक लावून बघितलं. बिजागरीची खाचसुद्धा नव्हती. चौकटीला पडदा, खाली कुत्रं शिरू नये म्हणून टेकवलेली फळी, आत टीव्ही चालू, आणि एक आजी सुपात तूर पाखडत बसलेल्या. कडी नाही म्हणजे वाजवायचं काय? मी खाकरलो. आजी मान वर न करता म्हणाल्या, “या की. खोकताय कशाला?”

2011 साली इथं युको बँकेनं शाखा काढली तीसुद्धा कुलपाशिवाय, हे मामांनी सांगितलं तेव्हा माझ्या हातातली गाडीची चावी मला एकदम ओशाळवाणी वाटली. त्याच ओशाळलेपणात असणार, मी पार्किंगमध्ये येऊन डिकी उघडली, रिकामं ताट आत ठेवलं, ताटात चावी ठेवली आणि डिकी धाडकन लावली. बाकीची दारं मी सकाळी नेहमीप्रमाणे दोनदा ओढून बघितलेलीच होती. दुसरी चावी पुण्यात, लाकडी दार, जाळीचं दार आणि कुलपाच्या मागं.

पानटपरीवाल्याला विचारलं, “इथं चावीवाला कुठं मिळेल?” तो इतका हसला की त्याला अडकित्ता खाली ठेवावा लागला. “साहेब, टकल्यांच्या गल्लीत न्हावी शोधताय व्हय? नगरला जा. माळीवाड्याला.”

बायको प्रसादालयाकडं गेली. मी आणि मामा काळी-पिवळीनं घोडेगाव, तिथून एसटीनं नगर. माळीवाडा स्टँडबाहेर चावीवाल्याची पेटी सापडली. तिला दोन कुलपं. शेजारचा लिंबूसरबतवाला म्हणाला, “जेवायला गेलाय. चारला येईल.”

एक वाजला होता. मामांचे डोळे चमकले. तीन तास आणि पळून जायला गाडी नसलेला भाचा!

“1490,” मामांनी चालता चालता सुरुवात केली. मलिक अहमदनं बहामनी फौजेला इथंच भिंगारजवळ हरवलं आणि निजामशाहीची राजधानी वसवली. माळीवाडा वेशीखाली आम्ही उभे राहिलो तेव्हा त्यांचा आवाज घुमत होता, मधे मधे रिक्षाचा हॉर्न. वेस आहे, पण तिला धरून असलेला तट कुठाय? तट गेला, वेशी राहिल्या. शर्ट फाटून जावा आणि बटणं तेवढी उरावीत तसं. पुढं दिल्ली दरवाजा. त्यातून थेट दिल्लीला गेलेला माणूस मामांना माहीत नाही. “पण तिकडून आलेल्यांची यादी मोठी आहे,” ते म्हणाले. आणि 1803 साली इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आला तो तर दारातून आलाच नाही. वेशी बंद बघून त्यानं पेठेच्या तटाला शिड्या लावल्या.

“म्हणजे दारं असून उपयोग काय झाला?” मी म्हणालो.

“तू बोलू नकोस,” मामा म्हणाले. “तुझी दारं फार उपयोगी पडली आज.”

दमडी मशिदीजवळ मात्र मीही गप्प झालो. 1567 ची. किल्ल्याचं काम करणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी टाकून बांधली म्हणतात. दगडातली नक्षी इतकी बारीक की त्या कारागिरापुढं आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स थकवणाऱ्यांना रांगेनं उभं करावं.

किल्ल्याच्या खंदकाशी पोचलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात. शिपायानं ओळखपत्र मागितलं. माझं लायसन गाडीत. मामांचं पिशवीत, पिशवी गाडीत. मग मामांनी किल्ला बाहेरूनच दाखवला. 1596 मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तटाला भगदाड पाडलं, चांदबिबी स्वतः उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. 1942 मध्ये इंग्रजांनी नेहरू, पटेल, मौलाना आझाद अशा बारा जणांना इथंच कोंडलं, आणि नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आतच लिहिलं. “काही लोक बंद दाराआड ग्रंथ लिहितात,” मामा माझ्याकडं बघत म्हणाले, “काही लोक ताट ठेवतात.”

चांदबिबी महाल दूर डोंगरावर दिसत होता. ती खरं तर सलाबतखानाची कबर, चांदबिबीचा तिच्याशी काही संबंध नाही. पण नाव तिचं. सलाबतखानानं तक्रार करायची कुणाकडं?

चारला चावीवाला आला. मी “शिंगणापूर” एवढंच म्हणालो.

“कुठलं पार्किंग?” तो म्हणाला, बायकोचा नंबर घेतला आणि मोटरसायकलवरून निघूनही गेला.

आम्ही पुन्हा एसटी, पुन्हा काळी-पिवळी करत पोचलो तर गाडी उघडी, एसी चालू आणि बायको आत बसून भेळ खात होती. “पट्टी घातली, चाळीस सेकंद लागले,” ती म्हणाली. चावीवाला बिडी ओढत उभा होता.

“नेहमी येता वाटतं इकडं?”

“दर शनिवारी अन् अमावस्येला इथंच असतो की. भक्त येतात, दर्शनाच्या घाईत चावी आत राहते.” त्यानं पैसे खिशात घातले. “या बिनकुलपाच्या गावानं माझी दोन पोरं शिकवली.”

“पण तो पानवाला...”

“गाववाल्यांना काय माहीत? त्यांच्याकडनं रुपयाचं काम नाही.”

गर्दी नको म्हणून आम्ही मुद्दाम बुधवारी आलो होतो.

परतीच्या वाटेवर बैलाच्या चरकाची रसवंती दिसली. शिवार अजून सुटलं नव्हतं. गाडी कडेला लावली, उतरलो, चार पावलं चाललो आणि पोटात गोळा आला. गाडी लॉक झाली का? वळून तर बघायचं नव्हतं. मी पाठमोराच उभा राहिलो, खांद्यावरून हात मागं नेला आणि रिमोटचं बटण दाबून ‘टुक’ ऐकायला कान टवकारले.

नेमका त्याच वेळी बैल चालायला लागला. गळ्यात चांगले पन्नास घुंगरू होते.