मुलाखतीचे बापू

कराडहून कोल्हापूरकडे महामार्गाला लागलं की कराड कुठं संपलं आणि मलकापूर कुठं सुरू झालं, हे फक्त घरपट्टीच्या पावतीवरून कळतं. कृष्णा हॉस्पिटल, ढेबेवाडी फाटा, आगाशिवनगर, आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सची दुकानं. कुठल्याही गल्लीत शिरा, एखादं पोरगं तरी मुलाखतीच्या वाटेवर असतंच. कुणाची तासवडे एमआयडीसीत, कुणाची हिंजवडीत, कुणाची थेट लोकसेवा आयोगासमोर. यातलं जवळजवळ प्रत्येक पोरगं निघण्यापूर्वी एकदा बापूंच्या पडवीत येऊन जातं.

बापूंनी आयुष्यात मुलाखत दिलेली नाही आणि घेतलेलीही नाही. एका सहकारी संस्थेच्या मुख्य कचेरीत ते वडिलांच्या जागेवर लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. पण भरती निघाली की साहेबांच्या केबिनबाहेरचं स्टूल त्यांचं. नाव पुकारायचं, दार उघडायचं, दार लावायचं. "आत काय इचारत्यात ते मला ठावं न्हाई. पर भाईर आलेल्याकडं बघून सांगायचो, ह्यो लागला आन् ह्यो न्हाई. लागणारा भाईर आला की आधी पाणी मागायचा. न लागणारा आधी घड्याळ बघायचा." हा सिद्धांत कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण गावात त्याला आव्हान द्यायची कुणाची छाती नाही.

बापूंची तपासणी फायलीपासून सुरू होते. चष्मा कपाळावरून नाकावर येतो आणि एकेक कागद उजेडाला धरला जातो. "दहावीच्या सर्टिफिकेटावर 'प्रविण', आधारावर 'प्रवीण'. तू नक्की कोन?" ऱ्हस्व-दीर्घावरून मराठीच्या पेपरात फार तर अर्धा गुण जातो, कागदपत्रांच्या टेबलावर अख्खी नोकरी अडते. मग नॉन-क्रीमी लेयर. त्याची मुदत 31 मार्चला संपते, हे बापू पोरांना देवाचं नाव सांगावं तसं सांगतात. हुशार पोरं एप्रिलात पडतात, असं त्यांचं मत आहे. शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट करून आणणाऱ्याला तर ते पडवीतून चक्क परत पाठवतात, कारण मागं शिक्का मारायला जागा उरत नाही.

कागद जमले की सराव. त्यासाठी एक खास खुर्ची आहे. तिचा एक पाय आखूड आहे आणि तो मुद्दाम तसाच ठेवलाय. "सरकारी खुर्ची कदी सरळ नसती. तितं डुलायला लागलास तर साहेब म्हनणार, पोरगं घाबरलंय." बोर्डावर तिघं. मधे बापू, उजवीकडे शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक (हे उमेदवाराचं वाक्य पुरं होण्याआधी व्याकरण दुरुस्त करतात) आणि डावीकडे मेथी निवडत बसलेल्या काकू.

पहिला प्रश्न ठरलेला. "गाव कोणतं?" पोरगं सांगतं, मलकापूर. "कुठलं मलकापूर?" इथं निम्मे अडखळतात. आणि हा प्रश्न उगाच नाही. महाराष्ट्रात एक मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात, भुसावळ-नागपूर रेल्वेवर. दुसरं कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या वाटेवर. तिसरं हे आपलं. आमच्या गल्लीतल्या एकाला खरोखरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मलकापूर म्हणजे बुलढाण्याचं ना?" साहेबांना नाही कसं म्हणायचं, म्हणून हा "हो सर" म्हणाला. पुढं मुलाखत संपेपर्यंत बिचारा वऱ्हाडी होऊन बसला. कापसाचा भाव काय, पेरा किती, बोंडअळीवर उपाय काय. याच्या घरी तीन पिढ्या ऊस. निकाल काय लागला ते सांगायला नको.

तेव्हापासून बापूंनी गावाचा अभ्यास सक्तीचा केला. आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी आली पाहिजेत. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आणि तिथली यशवंतराव चव्हाणांची समाधी आली पाहिजे. शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, तेही आलं पाहिजे. आणि मलकापूरची मीटरवरची चोवीस तास पाण्याची योजना तर दरासकट. जितकं जास्त वापराल तितका दर चढा, म्हणून लोक नळ बंद करायला शिकले. "स्पर्धा परीक्षेच्या पोरान्ला इस्रायलचं पाणी पाठ असतंय, सोताच्या नळाचं न्हाई," बापू वैतागतात. यात त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे, असं मला वाटतं. गावाबद्दल विचारलं की खोटं बोलायची गरज नसते आणि सरळ बोलणारा माणूस खुर्चीत आपोआप नीट बसतो.

आकडेही बापूंना तोंडपाठ. 2025 पासून राज्यसेवेची पद्धत बदलली. लेखी 1750 गुणांची, मुलाखत 275 ची, एकूण 2025. "साल आन् गुण एकच, आता तरी ध्यानात ठिवा." पूर्वी मुलाखतीला 100 गुण होते. ते वाढले तेव्हा आपलाच पगार वाढल्यासारखं बापूंनी पेढे वाटले. याउलट 15 ऑगस्ट 2015 ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद करायचं सुचवलं आणि 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या तसल्या पदांच्या मुलाखती खरंच गेल्या, तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "ब्येस झालं. मी दारावर हुतो. आत किती चिठ्ठ्या न्हेऊन दिल्या ते मला इचारा."

ऑनलाइन मुलाखती आल्यावर बापूंचं काम दारावरून गल्लीच्या तोंडाशी गेलं. परवा शेजारच्या मुलीची पुण्याच्या कंपनीशी व्हिडिओ मुलाखत होती. बापूंनी सकाळपासून गल्लीतले कुकर बंद ठेवले. भंगारवाल्याला कर्ण्यासकट पिटाळलं. तेवढ्यात गाणं वाजवत घंटागाडी आली. बापू आडवे झाले. ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं, गाणं बंद केलं आणि म्हणाला, "माझ्या पोराचंबी डिप्लोमा झालंय. त्यान्ला इचारा की, अजून एक जागा हाय का." मुलगी लागली. कचरा मात्र त्या दिवशी गल्लीतच राहिला.

पण बोर्डावरचं खरं डोकं काकू. एका पोराला मुख्याध्यापकांनी विचारलं, तुझा दोष काय? त्याने यूट्यूबवरचं पाठ उत्तर दिलं, "सर, मी कामात इतका बुडतो की विश्रांतीच घेत नाही." काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "ह्याला दोष म्हंत्यात? मग आमचं ह्ये दुपारी दोनदा झोपत्यात त्याला काय म्हणायचं?" पोरगं हसलं, बापू हसले नाहीत. मग काकूंनी हळूच विचारलं, "बाळा, तुला काय येत न्हाई ते सांग." तो थांबला. म्हणाला, "इंग्रजीत बोलताना मला घाम फुटतो, काकू. पण लिहायला सांगितलं तर लिहितो." काकू म्हणाल्या, "हेच सांग तितं." त्याने तेच सांगितलं. आज तो लेखा विभागात आहे आणि साहेबांची इंग्रजी पत्रं तोच लिहितो.

तुमच्या घरातलं कुणी मुलाखतीला निघालं असेल तर संध्याकाळी सहानंतर पाठवून द्या. फी नाही. मूळ कागद आणावेत, लॅमिनेशन चालणार नाही. आणि दुपारी मात्र येऊ नका, बापू झोपलेले असतात.