योग्य त्या कार्यवाहीसाठी

खोटी जाहिरात मला वासावरून कळते. ‘हे मी गर्वाने सांगत नाही’ असं पुढे जोडायची पद्धत आहे, पण मी गर्वानेच सांगते. घरात बसून एका फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवरून भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामं घेणाऱ्या बाईला मिरवायच्या जागा फार नसतात. क्लायंट तिकडे कुठेतरी परदेशात, त्याला मराठी येत नाही. त्यामुळे माझं मराठी किती चोख आहे हे आख्ख्या जगात फक्त मलाच माहीत. घरातल्यांनाही माहीत आहे, पण ते त्याला कटकट म्हणतात. तेव्हा जिथे माझी पारख चारचौघांत सिद्ध होण्याची शक्यता आहे, ती जागा मी सहजासहजी सोडत नाही.

आता हीच जाहिरात बघा. ‘पीडीएफमधली 40 पानं वर्डमध्ये टाइप करून हवीत. मोबदला 800 डॉलर. अनुभवाची गरज नाही.’ जे काम हल्ली फोनचा कॅमेरा बोलता बोलता करून टाकतो, त्याला 800 डॉलर देणारा माणूस एक तर भामटा असतो नाहीतर दानशूर. आणि दानशूर माणूस आपला टेलिग्रामचा पत्ता अक्षरं सुटी करून, मधे टिंबं पेरून, वर पुन्हा चित्रात दडवून देत नाही. क्लायंट आज सकाळीच अवतरलेला, त्याची पैसे भरायची सोय तपासलेली नाही, आजवर त्याने कुणाला काम दिलेलं नाही. टेलिग्रामवर गेलात की मुलाखत नाही, चाचणी नाही, काम मिळालंच. पानं टाइप करून पाठवलीत की पैसेही तयार असतात. फक्त ते सुटण्याआधी थोडं डिपॉझिट, मग खातं चालू करायची फी, मग कसलासा कर, असं करत करत तुम्हीच त्याला पगार देऊ लागता.

हे सगळं मला दुसऱ्या ओळीतच दिसतं. दिसलं की मी रिपोर्ट करते. इतर बायका सकाळी तुळशीला पाणी घालतात, मी भामटे वेचते.

रिपोर्टचं बटण तीन टिंबांच्या मागे असतं. ते दाबलं की गुन्ह्याचा प्रकार विचारतात आणि एकच निवडू देतात. प्लॅटफॉर्मबाहेर संपर्क साधायला सांगतो? हो. फुकट काम करून घेतो? तेही. कामाआधी पैसे मागतो? तोच तर त्याचा धंदा आहे. पण एकच निवडा. म्हणून मी ‘इतर’ निवडते, कारण ‘इतर’ला चौकट मिळते आणि चौकटीत लिहिता येतं. मोजक्या अक्षरांची मर्यादा असते, तेव्हा आधी कच्चा मसुदा करते, मग काटछाट. एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, डाळीचा लगदा झाला, पण मसुदा अप्रतिम उतरला होता. दोन दिवसांनी उत्तर येतं: आम्ही तपासणी केली, सदर पोस्टमध्ये नियमभंग आढळला नाही, तुमच्यासारख्या सभासदांमुळेच आमचा समुदाय सुरक्षित आहे. नियमभंग नाही, तर मग समुदाय मी कशापासून सुरक्षित ठेवला?

हे रक्तातून आलंय. आमचे नाना तक्रारदार होते. व्यवसायाने शाळामास्तर, पण तो नाइलाज. खरं काम संध्याकाळी पाचनंतर सुरू व्हायचं, 15 पैशांच्या पोस्टकार्डावर. रस्त्यातला दिवा, नळाची वेळ, वाचनालयाच्या भिंतीवरचा ‘शांतता राखा’मधला चुकलेला काना, यांपैकी काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. आधी ‘विषय’, मग ‘संदर्भ’, मग ‘महोदय’. एसटीत ‘तक्रारवही वाहकाकडे मिळेल’ असं रंगवलेलं असायचं. बाकीचे प्रवासी ते वाचून खिडकीबाहेर बघत, नाना वही मागत. कंडक्टर ‘काय झालं मास्तर?’ म्हणाला की ‘झालं काही नाही, वही आहे का ते बघतोय’ म्हणत. वही असली तर थोडे हिरमुसत.

त्यांचं हुकमी अस्त्र म्हणजे जोडकार्ड. अर्ध्यावर आपली तक्रार आणि उरलेल्या अर्ध्यावर आपलाच पत्ता आधीच लिहिलेला, म्हणजे साहेबाला ‘तिकीट नव्हतं’ म्हणायची सोय नाही. आणि खाली, कार्डाच्या अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रत माहितीसाठी’. दिव्याचा बल्ब गेला तर प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. दुसऱ्यांदा गेला तर मुख्यमंत्र्यांना. एकदा पंतप्रधानांनाही गेली होती, पण तेव्हा खांबच वाकला होता. आई म्हणायची, ‘अहो, एवढ्या पोस्टकार्डांत बल्ब आला असता.’ नानांना हा युक्तिवाद कधी समजला नाही. बल्ब त्यांना नकोच होता, त्यांना उत्तर हवं होतं.

आणि उत्तर यायचं! हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. तपकिरी पाकीट, आत पातळ कागद, कोपऱ्यात जा. क्र., त्याला दोन तिरक्या रेघा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे.’ दिवा तरीही लागत नसे. पण खाली एका जिवंत माणसाची सही असायची. वाचता न येणारी, पण निळ्या शाईची. कुणीतरी नानांचं कार्ड हातात धरलं होतं, वैतागलं होतं, ‘आलं पुन्हा ते मास्तरचं’ असं शेजारच्याला म्हणालं होतं. त्या शिव्यांमध्येसुद्धा एक दखल होती. नाना ती सगळी उत्तरं फायलीत लावत. त्यांच्यामागे इस्टेट म्हणून आम्हाला जे आलं, त्यात त्या फायलींचा वाटा मोठा आहे.

मला येणाऱ्या उत्तराला जावक क्रमांक नाही, सही नाही. प्रत पाठवायची म्हटली तर कुणाला पाठवू? शिवाय कलमं बदलली. नानांच्या काळी ‘हा सरळसरळ 420चा प्रकार आहे’ असं लिहिलं की वाक्याला धार यायची. राज कपूरने 1955मध्ये त्यावर आख्खा सिनेमा बेतला. 1 जुलै 2024पासून फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318मध्ये जाऊन बसली. ‘तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे’ म्हणून बघा. समोरच्याला वाटतं तुम्ही त्याच्या खोलीचा नंबर सांगताय.

असो, मूळ मुद्दा. माझा राग नुसत्या उत्तरावर नाही. मी जिथे काम शोधते तिथे अर्ज फुकट पडत नाहीत. अर्जामागे टोकन लागतात आणि टोकन पैसे मोजून घ्यावी लागतात. म्हणजे खोट्या जाहिरातीवर शंभर गरजूंनी अर्ज टाकले, तर भामट्याला त्यातला एखादाच सापडेल, पण टोकनचे पैसे शंभरांचे आधीच जमा झालेले असतात. तक्रारीनंतर पोस्ट काढली तर कधी टोकन परत येतात, कधी येत नाहीत. दरोडेखोराला कोतवाल सामील आहे असं मी म्हणत नाही. कोतवालाला झोप चांगली लागते, एवढंच. आणि त्या झोपेची राखण मी करते, बिनपगारी, माझ्या घरचं इंटरनेट जाळून.

बरं, राखण तरी नीट होते का? रिपोर्टमध्ये मी भामट्यांच्या इंग्रजीतल्या चुकाही नोंदवायची. दुसऱ्या ओळीत क्रियापद नाही, तिसरीत दोन आहेत, वगैरे. काही आठवड्यांनी तीच जाहिरात नव्या नावाने आली आणि तिच्यात दुसऱ्या ओळीत क्रियापद होतं. योगायोग असेल. हल्ली भामट्यांनाही चॅटजीपीटी फुकट आहे. पण त्या संध्याकाळी मला दाट संशय आला की मराठी भाषेची ही सेवेकरी एका आंतरराष्ट्रीय टोळीची मानद मुद्रितशोधक झाली आहे.

हे मी जेवताना सांगितलं, तर चिरंजीव वर न बघता म्हणाले, ‘आई, चुका ते मुद्दाम ठेवतात. तू जावीस म्हणून.’ आणि त्याने मला एक निबंध वाचायला पाठवला. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या कॉर्मॅक हर्ली यांचा, 2012चा. नायजेरियाचे म्हणवणारे भामटे आपण नायजेरियाचे आहोत असं उघडपणे का सांगतात, हा त्याचा विषय. उत्तर असं की, ईमेल लाखोंना पाठवायला खर्च नाही, खर्च आहे तो उत्तर देणाऱ्यांशी बोलत बसण्याचा. अर्ध्यावर शहाणा होऊन निघून जाणारा माणूस भामट्याला परवडत नाही. म्हणून पत्रच इतकं बावळट लिहायचं की शंकेखोर माणसाने पहिल्या ओळीला हसून ते टाकून द्यावं, आणि जो उरेल तो शेवटपर्यंत जाणारा असावा. चहाच्या गाळणीसारखं.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला पारख समजत होते, ती त्यांची सोय होती. मी चोथा! मला वगळण्यासाठी ती चूक तिथे घातलेली, आणि मी ती सापडली म्हणून कॉलर ताठ करून फिरत होते. दोन दिवस मी घरात कुणाचंही व्याकरण सुधारलं नाही. घरातल्यांना वाटलं बरं नाही.

गाळणीतून खाली काय पडतं ते मात्र मला मावशींच्या मुलीने दाखवलं.

मावशी आमच्याकडे पोळ्या करतात. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. याआधी नटराज पेन्सिलींच्या पॅकिंगचा मेसेज घेऊन मावशीच आल्या होत्या: घरबसल्या काम, महिना 30,000, त्यातले 15,000 आगाऊ, फक्त ओळखपत्राचे काहीशे रुपये भरा. त्या पेन्सिली बनवणाऱ्या कंपनीला आपण असं काम देत नाही म्हणून जाहीर खुलासा करावा लागला आहे, हे मी त्यांना सांगितलं, त्या वाचल्या, आणि माझ्या डोक्यावर आणखी एक तुरा चढला. मुलीचं मात्र वेगळं होतं. तिने फॉर्म भरायचं डेटा एंट्रीचं काम घेतलं होतं. अट अशी की 90 टक्के अचूक हवं. रात्री जागून तिने ते केलं. मग अचूकता कमी भरली म्हणून करारभंगाची नोटीस आली, व्हॉट्सअ‍ॅपवर, पीडीएफमध्ये. वर सिंहांची राजमुद्रा, खाली वकिलाचा शिक्का, तीन दिवसांत 6,800 रुपये भरा नाहीतर पोलीस घरी येतील.

मी चष्मा लावला. काय नोटीस होती! ‘न्यायालय’ एकदा बरोबर, एकदा चूक. कोर्टाचं नाव एका शहराचं, शिक्का भलत्याच राज्याचा. कर्ता पहिल्या परिच्छेदात, कर्म तिसऱ्यात. मी तिला एकेक चूक दाखवत होते, खुशीत. ती बराच वेळ गप्प ऐकत होती. मग म्हणाली, ‘काकू, ते खोटं असेल. पण पोलीस नुसते दारात आले ना, तर पप्पा मला पुढे शिकवणार नाहीत.’

मला दिसत होत्या त्या चुका. तिला दिसत होते ते सिंह. आणि चूक ओळखता येणं हा काही तिच्या-माझ्या अकलेचा प्रश्न नाही. मला नाना होते, वाचनालय होतं, सरकारी पत्राला हसायची घरची सवय होती. सरकारी कागद आला की तिच्या घरात आवाज खाली जातो.

पैसे भरले नव्हते, हे नशीब. भरले असते तर लगेच 1930ला फोन लावायचा. मध्यंतरी हे ऐकवायला प्रत्येक फोनआधी अमिताभ बच्चन यायचे आणि आपण सगळे त्यांच्यावर चिडायचो. माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसेना; शेवटी ओळखीच्या वकीलबाईंना फोन लावून दिला. त्यांनी नोटीस बघून एकच शब्द वापरला, तो मी मुद्रितशोधनात कापला असता. तेव्हा कुठे ती हसली.

त्यानंतर मला जाहिरात लिहिणाऱ्याबद्दलही धड चिडता येईना. मार्च 2025मध्ये हवाई दलाच्या विमानांनी 500हून जास्त भारतीयांना थायलंडमधल्या माए सोतहून परत आणलं. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून ते गेले आणि सीमेपलीकडे म्यानमारमधल्या कोंडवाड्यांत अडकले. तिथे दिवसरात्र बसवून अशा लोकांकडून दुसऱ्यांना फसवायचे मेसेज लिहून घेतात. नोकरी खोटी निघाली म्हणून खोट्या नोकऱ्या टाइप करणारं एखादं पोर त्या क्रियापद नसलेल्या ओळीमागे असू शकतं. त्याला मी ‘इतर’मध्ये टाकत होते.

तरी रिपोर्ट करणं सुटलेलं नाही. फक्त आता भाषेच्या चुका लिहीत नाही. आणि शेवटी ‘प्रत माहितीसाठी’ लिहिते. कुणाला, ते लिहीत नाही, अक्षरं संपतात.

गेल्या आठवड्यात तिथेच एक जाहिरात आली. ‘खोट्या जाहिराती ओळखू शकतील असे अनुभवी मराठी भाषक हवेत. घरून काम. ताशी 45 डॉलर.’ क्लायंट त्याच सकाळी दाखल झालेला. पैशांची सोय तपासलेली नाही. आजवर कुणाला काम दिलेलं नाही. सगळी लक्षणं एका ओळीत हजर. पण मजकुरात एक चूक असेल तर शपथ! विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी. आणि ‘अनुभवी’ म्हणजे त्यांना कोण हवं होतं, हे मला पहिल्याच वाचनात उमगलं. चिरंजीव म्हणाला, ‘रिपोर्ट कर.’ मी म्हटलं, करते, घाई काय आहे. पोस्ट सेव्ह करून ठेवली आहे. रोज सकाळी उघडून बघते. अर्ज करणाऱ्यांचा आकडा ‘50हून अधिक’ झालाय, आणि त्यातला एकही माझ्याइतका लायक नसणार.